मनाचें औषध आणि अंगाची मरगळ



मनाच्या विकारांवर पोटांत घेण्याचीं औषधें असतात, ही गोष्ट आतां आपल्याकडे नवलाची राहिलेली नाहीं. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली अशा गांवांतूनहि नैराश्यावरच्या गोळ्या घेणारीं माणसें आहेत; तीं शाळेंत शिकवितात, दुकानें चालवितात, बांधींत उतरून रोवणीहि करतात. परंतु या गोळ्यांविषयीं घरोघर एक तक्रार ऐकूं येते व तिची नीट चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाहीं. ती तक्रार अशी, कीं रडणें थांबलें, रात्रीचें घाबरणें थांबलें, पण अंग कांहीं उठत नाहीं. सकाळीं आठ वाजले तरी डोळ्यांवर झांपड असते. हातांत घेतलेलें काम हातांतच राहतें. घरचीं माणसें पंधरा दिवस हें पाहतात आणि मग कोणीतरी बोलून जातें, "ही दवा नव्हे, ही नशा आहे." त्या एका वाक्यासरशी गोळ्यांची पट्टी फडताळांत जाते, आणि पुष्कळदां दोन-चार महिन्यांनीं दुखणें पहिल्यापेक्षां जोर करून परत येतें.

मी वैद्य नव्हे. माझें सारें आयुष्य शाळेंत मुलांना शिकविण्यांत गेलें. पण वर्गांत डुलक्या घेणारीं मुलें मीं पुष्कळ पाहिलीं आणि एक गोष्ट लवकरच ध्यानांत आली. बाकावर मान टाकणारा प्रत्येक मुलगा आळशी नसतो. एक रात्रीं नाटकाला जागलेला असतो, दुसऱ्याच्या अंगांत ताप असतो, तिसऱ्याला गणित समजत नसतें म्हणून त्याचें मन विझलेलें असतें. तिघांची मान सारखीच खालीं जाते. पण पहिल्याला झोंप, दुसऱ्याला औषध आणि तिसऱ्याला पुन्हां एकवार त्रैराशिक, असे उपाय निरनिराळे आहेत. गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या मरगळीचेंहि तसेंच आहे. ती एक नसून अनेक प्रकारची असते, आणि कोणत्या प्रकारची आहे हें ओळखल्यावांचून औषधाला दोष देणें किंवा रोग्याला दोष देणें, दोन्ही सारखींच अन्यायाचीं आहेत.

पहिला प्रश्न असा विचारावा, कीं ही मरगळ गोळी सुरू होण्यापूर्वीं होती कीं नव्हती? पुष्कळांच्या बाबतींत ती होतीच, फक्त रडण्याच्या व तळमळण्याच्या आड झांकलेली होती. थकवा व शक्तिपात हें नैराश्याचें एक मुख्य लक्षणच आहे. केवळ खिन्नता म्हणजे नैराश्य नव्हे. औषध लागू पडूं लागलें म्हणजे सर्व लक्षणें एकदम ओसरत नाहींत. बहुधा झोंप व भूक आधीं सुधारते, मनाचा भार दोन ते चार आठवड्यांत, कधीं कधीं त्याहूनहि उशिरां, हलका होऊं लागतो, आणि थकवा मात्र शेवटपर्यंत रेंगाळतो. पूर ओसरल्यावर वैनगंगेच्या कांठीं जसा गाळ राहतो, तसा हा रोगाचा गाळ आहे. तो गोळीनें आणलेला नाहीं. उलट गोळीचें काम अजून अपुरें आहे, असें तो सांगत असतो. अशा वेळीं गोळी बंद करणें म्हणजे अर्ध्या वाटेवरून मागें फिरणें होय.

दुसरी मरगळ खरोखरच औषधाची असते. ती कां येते हें समजण्यासाठीं या औषधांच्या कुळाची हकीगत थोडक्यांत सांगतों. ती मनोरंजकहि आहे.

तिचा आरंभ, एका परीनें, आपल्या मुंबईंतच झाला असें म्हणतां येईल. सर्पगंधा ही वनस्पति आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक होती. मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवर तिचा प्रयोग करून १९४९ सालीं त्याचा वृत्तांत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला व त्यामुळें साऱ्या जगाचें लक्ष या मुळीकडे गेलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें तिच्यांतून रिसर्पिन नांवाचें शुद्ध द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. रक्तदाब त्यानें उतरे. पण कांहीं रोगी सुस्त होत, कांहीं खिन्न होऊन बसत. सशांना तें टोंचलें असतां ते कान पाडून निपचित पडत. मेंदूंतील सिरोटोनिन, नॉरॲड्रिनॅलिन व डोपामिन या द्रव्यांचा सांठा रिसर्पिननें रिकामा होतो, असें पुढें आढळलें. स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्व्हिद कार्लसन यांनीं १९५७ सालीं अशाच निपचित सशांना डोपामिनचें पूर्वरूप असलेलें द्रव्य टोंचलें, आणि ते ससे थोड्याच वेळांत उठून हिंडूं लागले. ‘आळस’ म्हणून ज्याला आपण नांवें ठेवितों, त्याच्या मुळाशीं एखाद्या रासायनिक द्रव्याची उणीवहि असूं शकते, हें त्या सशांनीं दाखविलें. रिसर्पिननें नैराश्य येतें कीं केवळ सुस्ती, याविषयीं पुढें मतभेद झाले, आणि नैराश्य म्हणजे सिरोटोनिनची टंचाई, इतकें सोपें समीकरणहि आज तज्ज्ञ मांडीत नाहींत. असो.

त्याच सुमारास नैराश्यावरचीं पहिलीं दोन औषधें सांपडलीं, आणि तीं दोन्ही भलतेंच कांहीं शोधतांना. न्यूयॉर्क शहरांतील स्टेटन आयलंडवरील सीव्ह्यू रुग्णालयांत १९५२ च्या सुमारास क्षयाच्या रोग्यांना इप्रोनियाझिड देत असतां तीं मरणोन्मुख माणसें उल्हसित होऊं लागलीं, भूक वाढली, वॉर्डांत हंसूं-खेळूं लागलीं. हें औषध अंगांत उत्साह आणणारें होतें. यकृताला त्यापासून अपाय होतो असें दिसल्यामुळें पुढें तें मागें पडलें. दुसरें इमिप्रामिन. स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयांत रोलांड कून यांनीं तें एका वेगळ्याच मनोविकारासाठीं देऊन पाहिलें, तेथें तें फुकट गेलें, पण नैराश्याच्या रोग्यांना त्याचा गुण आला. त्यांनीं १९५७ सालीं हें प्रसिद्ध केलें. आतां या इमिप्रामिनचें आजोळ पाहण्यासारखें आहे. शिंका, खाज, पित्त उठणें यांवर हिस्टॅमिनविरोधी औषधें देतात, त्यांच्याच घराण्याशीं त्याचें नातें आहे. सर्दीची गोळी घेतल्यावर पेंग कां येते हें सर्वांना अनुभवानें माहीत आहे. हिस्टॅमिन हें त्वचेंत खाज उत्पन्न करतें. पण मेंदूंत तेंच द्रव्य माणसाला जागें ठेवण्याचें काम करतें. त्याचा मार्ग अडविला कीं जागृति मंदावते. इमिप्रामिनच्या पाठोपाठ १९६१ सालीं आलेलें अमिट्रिप्टिलिन हें आजोळचा हा गुण फारच मोठ्या प्रमाणावर घेऊन आलें. डॉक्सेपिन तसेंच, आणि अलीकडचें मिर्टाझापिनहि तसेंच. या औषधांनीं येणारी झांपड म्हणजे मनाची दुर्बलता नव्हे, विषबाधाहि नव्हे. सर्दीच्या गोळीचीच ती थोरली बहीण होय.

म्हणूनच ‘नैराश्याची गोळी’ असें सरसकट बोलणें चुकीचें आहे. अमेरिकेंत १९८७ च्या अखेरीस मान्यता मिळालेलें फ्लुओक्सेटिन हें बहुधा झोंप आणण्याऐवजीं घालवितें; तें सकाळीं घेण्यास सांगतात तें याच कारणानें. त्याच्याच जातीच्या पॅरोक्सेटिन व फ्लुव्होक्सामिन यांनीं मात्र कांहींजण पेंगतात. शेजारणीला जी गोळी मानवली ती आपणांस मानवेलच असें नाहीं, आणि शेजारणीला ज्या गोळीनें गुंगी आली ती आपणांसहि येईल असेंहि नाहीं. शिवाय डॉक्टर कित्येकदां झोंप आणणारी गोळी मुद्दाम निवडतात, कारण रोगी महिना-महिना जागत असतो. ज्या गुणासाठीं औषध दिलें तोच गुण दोन महिन्यांनीं दोष ठरतो! तोंवर डॉक्टरांना कोणी कळविलें नाहीं, तर त्यांना तें कसें कळावें?

या जातीच्या मरगळीची खूण घड्याळांत सांपडते. गोळी घेतल्यानंतर कांहीं तास ती दाट असते, सकाळीं ती अधिक, दुपारनंतर ती पातळ होते. औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढविल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत ती सर्वांत जास्त जाणवते आणि पुष्कळांची पुढें आपोआप कमी होते. रोगाच्या थकव्याचें असें नसतें. तो गोळीच्या वेळेकडे पाहत नाहीं.

येथें एका ओळखीच्या गृहस्थांची हकीगत सांगणें उपयोगाचें होईल. साकोलीकडचे शेतकरी, वय पंचावन्नच्या आसपास. नैराश्यासाठीं त्यांना रात्रीं अमिट्रिप्टिलिन सुरू झालें होतें आणि उन्हाळाभर त्यांना चांगला गुणहि आला. आषाढांत रोवणी सुरू झाली. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत पहाटे पांचला बांधीवर जावें लागतें. मजूर वाट पाहत नाहीं आणि पाऊसहि नाहीं. हे गृहस्थ रात्रीं सर्व निजानीज झाल्यावर, अकराच्या पुढें गोळी घेत, आणि पहाटे त्यांना उठवलें तर उभ्याउभ्या डुलत. थोरला मुलगा म्हणाला, "बाबा, रोवणी होईपर्यंत गोळी ठेवा बाजूला." त्यांनीं ती एकदम सोडली. तीन दिवसांत मळमळ, डोकेंदुखी, घाम, अस्वस्थपणा, आणि झोंप तर पार नाहींशी. सर्वांना वाटलें, मूळ रोग उलटला. तालुक्याला डॉक्टरांकडे नेलें तेव्हां त्यांनीं एवढेंच विचारलें, "गोळी किती वाजतां घेतां?" मग ती पुन्हां सुरू करून, थोड्या कमी मात्रेंत, संध्याकाळीं सातच्या जेवणाबरोबर घेण्यास सांगितली. चार तासांच्या या फरकानें गृहस्थ पहाटे उठूं लागले. प्रत्येकाचें दुखणें इतकें स्वस्तांत सुटेल असें मी म्हणत नाहीं. वेळ बदलणें, मात्रा कमी करणें, औषधच बदलणें, हे तिन्ही मार्ग डॉक्टरांच्या हातीं असतात आणि त्यांपैकीं कोणता घ्यावयाचा हें त्यांनींच ठरवावयाचें.

औषध एकाएकीं सोडण्याविषयीं आणखी दोन शब्द. हीं औषधें दारूसारखीं चटक लावीत नाहींत. मात्रा वाढवीत नेण्याची हांव त्यांनीं उत्पन्न होत नाहीं. परंतु शरीराला त्यांची संवय झालेली असते. पॅरोक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिन हीं एकदम थांबविलीं असतां भोंवळ, चिडचिड, विचित्र स्वप्नें, डोक्यांत विजेचा झटका बसल्यासारखी सणक, असे त्रास विशेष होतात. फ्लुओक्सेटिन शरीरांतून फार सावकाश जातें म्हणून त्याचा असा त्रास कमी. बरें वाटूं लागल्यावरहि औषध किमान सहा महिने, अनेकदां त्याहून अधिक काळ, चालू ठेवावें लागतें, आणि थांबवावयाचें तें पायरीपायरीनें उतरवून.

तिसऱ्या प्रकारची मरगळ ओळखण्यास सर्वांत कठीण. झोंप येत नाहीं, अंगहि दुखत नाहीं, पण मनाला ओढच उरत नाहीं. नातवंड मांडीवर येऊन बसलें तरी आनंद नाहीं, नुकसान झालें तरी दुःख नाहीं, सर्व सपाट. आपल्या मराठींत याला औदासीन्य हा चांगला शब्द आहे. सिरोटोनिनवर काम करणाऱ्या कांहीं औषधांनीं असें होतें, याची नोंद १९९० पासून वैद्यकीय वाङ्मयांत आहे. रोगी याविषयीं स्वतः होऊन तक्रार करीत नाहीं, कारण तक्रार करण्यालाहि थोडी ओढ लागतेच. हें बहुधा घरच्या माणसांनाच दिसतें. "पूर्वीं रडत होती, आतां रडत नाहीं, पण हंसतहि नाहीं," असें एखाद्या नवऱ्यानें डॉक्टरांना सांगितलें, तर पानभर वर्णनापेक्षां तें अधिक उपयोगी पडेल. मात्रा कमी केल्यानें किंवा औषध बदलल्यानें हें पुष्कळदां निवळतें.

आणि कित्येकदां या तिन्हींपैकीं कांहींच नसतें. थकव्याचें कारण अंगांतील रक्ताची कमतरता असूं शकतें, थायरॉईड ग्रंथीचा मंदपणा असूं शकतो, मधुमेह असूं शकतो. आपल्या पूर्व विदर्भांत सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो. तो असलेल्या माणसाचा थकवा मनाच्या गोळीच्या माथीं मारणें धोक्याचें आहे. सर्दी-खोकल्यावरचीं औषधें, झोंपेच्या गोळ्या व दारू यांनीं गुंगी दुणावते. दारू तर या औषधांबरोबर नकोच. साठीच्या पुढच्या माणसांनीं एक विशेष लक्षांत ठेवावें. सिरोटोनिनच्या जातीच्या औषधांनीं वृद्धांच्या, त्यांतून स्त्रियांच्या, रक्तांतील सोडियम कधीं कधीं उतरतें. रक्तदाबासाठीं लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर हा संभव अधिक. अशा वेळीं सुस्ती, डोकें दुखणें, मळमळ, चालतांना तोल जाणें, बोलण्यांत असंबद्धता, असें दिसतें. "आई आतां म्हातारी झाली," असें म्हणून स्वस्थ बसूं नये. त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. रक्ताच्या एका साध्या तपासणीनें तें कळतें.

याच्या उलट, गोळी सुरू झाल्यावर अंगांत एकाएकीं उत्साहाचा पूर आला, दोन तासांची झोंप पुरूं लागली, बोलणें व खर्च आवरेनासा झाला, तर त्यालाहि गुण म्हणून आनंदूं नये. हा उन्मादाचा आरंभ असूं शकतो. आणि पंचविशीच्या आंतल्या तरुण माणसांवर पहिले कांहीं आठवडे घरच्यांनीं बारीक लक्ष ठेवावें. त्या वयांत कांहींजणांच्या मनांत औषधाच्या आरंभीं आत्मघाताचे विचार वाढतात, आणि याविषयीं अमेरिकेच्या सरकारी औषधखात्यानें २००४ सालीं व पुन्हां २००७ सालीं इशारा दिलेला आहे.

आतां रोगाच्या त्या रेंगाळणाऱ्या थकव्याकडे पुन्हां वळतों, कारण त्याला गोळीखेरीज आणखीहि एक औषध आहे आणि तें आपल्या शेजारच्या गोव्यांत कसोशीनें तपासलें गेलें आहे. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतून नैराश्याच्या ४९५ रोग्यांवर एक प्रयोग झाला व त्याचा निकाल २०१७ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत छापला गेला. निम्म्यांना नेहमींची वैद्यकीय मदत दिली. बाकीच्यांना त्याबरोबरच, थोडें शिक्षण दिलेल्या सामान्य माणसांनीं सहा-आठ बैठकींत भेटून बोलतें केलें. या बोलण्याचा गाभा साधा होता. उत्साह आला म्हणजे काम करीन, असें म्हणून वाट पाहूं नये. लहानसें काम ठराविक वेळेला करावें, उत्साह मागाहून येतो. तीन महिन्यांनीं नुसत्या नेहमींच्या मदतीनें शेंकडा ३९ जण बरे झाले होते, आणि या बैठकी मिळालेल्यांपैकीं शेंकडा ६४. मात्र याचा अर्थ रोग्याला "ऊठ, कामाला लाग" म्हणून दटावणें असा नव्हे. दटावणी तो रोज स्वतःला देतच असतो. पहिल्या दिवशीं अंगणांत तुळशीला पाणी घालणें, दुसऱ्या आठवड्यांत तलावाच्या पाळीपर्यंत चालणें, अशीं कामें असावींत. आणि तीं केलीं किंवा नाहीं एवढेंच लिहून ठेवावें.

लिहून ठेवण्याचा विषय निघाला म्हणून सांगतों. डॉक्टरांसमोर पांच मिनिटें मिळतात, आणि रोगी म्हणतो, "बरें आहे, जरा सुस्ती वाटते." एवढ्यावरून त्यांनीं काय ओळखावें? त्याऐवजीं मुलाच्या जुन्या वहींत आठ दिवस पुढील गोष्टी लिहाव्या. गोळी किती वाजतां घेतली, झोंप किती वाजतां लागली, उठलें किती वाजतां, दिवसांत झांपड कोणत्या वेळीं दाट होती, दुसरीं कोणतीं औषधें पोटांत गेलीं, आणि मरगळ गोळीच्या आधींचीच कीं नंतरची. ज्याला झांपड येते त्यानें मोटारसायकल चालवूं नये. भंडाऱ्याहून नागपूरला जाणाऱ्या हमरस्त्यावर तर मुळींच नाहीं. तपासणीला जावयाचें तेव्हां एस. टी. नें किंवा वरठीच्या स्टेशनावरून रेल्वेनें जावें.

प्रत्येक वेळीं नागपूर गांठण्याचेंहि कारण नाहीं. सरकारच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमान्वयें जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते; वही घेऊन तेथें जावें. ज्याला तेंहि त्या दिवशीं जमत नाहीं, अथवा रात्रीं-अपरात्रीं घाबरल्यासारखें होतें, त्याच्यासाठीं केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीची सेवा चालू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथें मराठींतून बोलतां येतें व त्याला पैसे पडत नाहींत.